मंगळवार, साडेचार

माझ्या खोलीच्या बरोबर खाली
दस्तगीर मुल्लांचं दुकान आहे.
वजनकाटे विक्री, दुरुस्ती, शिक्का मारून मिळेल.
हळदीच्या हंगामात
जिन्याशी यायचं तर काटे ओलांडून यावं लागतं.
जागा घेताना हे सुचलंच नाही.
भाडं कमी होतं, आणि वखारभागात वर्दळ असते,
कोण कुठे चढलं कुणी बघत नाही.

वर माझ्याकडे काटा नाही.
बेसिनवर आरसा होता,
तिथे आता अर्बन बँकेचं कॅलेंडर.

तिचं नाव सांगत नाही.
डायरीत ती फक्त मंगळवार, साडेचार.
तासगावहून एसटीने येते, आईबरोबर,
एप्रिलातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर.
खुर्चीच्या कडेवर बसते,
उरलेली खुर्ची जणू दुसऱ्या कुणासाठी धरलीय.

तीन मंगळवार पंख्याचाच आवाज.
चौथ्याला म्हणाली,
"आमचं बेदाण्याचं शेड आहे, मॅडम.
द्राक्ष चार दिवसांत नासतं.
बेदाणा वर्षभर टिकतो."

मला उत्तर द्यायची फार घाई झाली.
दिलं नाही.

आई खाली काट्यांमध्ये बसते, मांडीवर डबा.
"बाई, आमच्यात ताटावरनं
कधी कोण उपाशी उठलं न्हाई.
हिच्या आत्यानं एकदाच म्हटलं, दिवाळीत,
जरा सरक की गं, सगळा फोटो तूच खाल्लास.
सगळी हसली.
ही पण हसली."

आत एक अडत्या बसलाय, ती सांगते.
रुमालाखाली बोटं दाबतो.
हा घास घेतलास तर रात्रीचा सोड,
तो घेतलास तर उद्याचा.
सौदा कधीच तुटत नाही,
आणि भाव त्यालाच ठाऊक.

मी त्याला हाकलू शकत नाही.
एवढंच म्हणते, रुमाल काढ.
काय बोली लावायची ती मोठ्याने लाव म्हणावं,
माझ्यासमोर.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम दिसणार नाही.
अर्धी भाकरी, दही वेगळं,
दोघींची पन्नास मिनिटं.
वजन मिरजेचे डॉक्टर घेतात,
काट्याकडे तिची पाठ करून.
आकडा मला फोनवर कळतो.
तो चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही,
माझी निम्मी फी त्याचीच असावी.

जुलैत दोन मंगळवार कोरे गेले.
मिरजेला ॲडमिट, म्हणाली आई, सलाईन.
त्या आठवड्यात सगळं गाव
आयर्विन पुलावर फूट मोजत उभं होतं.
अडतीस. साडेअडतीस. कोयनेतून किती सोडलं?
आकड्यावर जीव टांगून झोपणं
आम्हाला इथे कुणी शिकवायला नको.
मीही कठड्याला रेलून
खांबावरची खूण वाचत होते,
आणि वाचत होते दुसरंच काही.

संध्याकाळी डबा उघडला.
शेवटचा घास मी ठेवते, बऱ्याचदा.
का, ते स्वतःला अजून विचारलेलं नाही.

दस्तगीरकाका परवा एक जुना काटा उघडून बसले होते.
पारड्यात काही नाही, तरी काटा पुढे झुकलेला.
म्हणाले, "याला काय धरलंय कुणाला ठाऊक.
रिकामा असून वजन दाखवतोय."
मग कुंचल्याने, फुंकरीने,
सांध्यासांध्यातून धूळ काढत राहिले,
पिवळी, वर्षानुवर्षांची.
दुपार गेली त्यात.
झाला का नीट, ते विचारायचं राहिलं.

काल ती आली.
स्वेटर होताच.
आत्याच्या फोटोबद्दल पहिल्यांदा चिडली,
आवाज चढवून, हात हलवून,
आणि बोलता बोलता
मागे टेकली.

खुर्ची करकरली.
दोघींनीही ऐकलं.

ती थांबली. खाली बघितलं.
खालून कुणीतरी ओरडत होतं, पन्नास किलोचा दाखवा.

मी काही बोलले नाही.
ती पुढे सरकली नाही.